गरीब आरोपीचा वकील कोणी निवडावा?

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांत पनामा सिटी नांवाचें एक शहर समुद्रकांठीं आहे. तेथील बिलियर्ड खेळण्याच्या एका अड्ड्यांत १९६१ सालच्या जून महिन्यांत एके दिवशीं पहांटे चोरी झाली. सिगारेटच्या आणि गाण्याच्या यंत्रांतील चिल्लर नाणीं व थोडी दारू एवढाच काय तो ऐवज. संशयावरून क्लॅरेन्स अर्ल गिडियन नांवाच्या एका फिरस्त्या मनुष्यास पकडण्यांत आलें. या गृहस्थाचें पूर्वचरित्र कांहीं स्वच्छ नव्हतें. तुरुंगाची वाट त्यास ठाऊक होती. ४ ऑगस्ट १९६१ रोजीं खटला उभा राहिला तेव्हां त्यानें न्यायाधीशांस विनंति केली कीं, आपणाजवळ पैसा नाहीं, तरी न्यायालयानें आपणांस वकील द्यावा. न्यायाधीश मॅक्रेरी यांनीं खेद व्यक्त केला आणि सांगितलें कीं, देहान्त शासनाच्या गुन्ह्यावांचून इतर गुन्ह्यांत सरकारी खर्चानें वकील देण्याची मुभा राज्याच्या कायद्यांत नाहीं. गिडियननें आपला बचाव आपणच केला, आणि तो जसा व्हावयाचा तसाच झाला. त्यास पांच वर्षांची शिक्षा ठोठावण्यांत आली.

तुरुंगांत बसून त्यानें पेन्सिलीनें एक अर्ज लिहिला आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला. न्यायालयानें तो दाखल करून घेतला, त्याची बाजू मांडण्यासाठीं एब फोर्टस या नामांकित वकिलांची योजना केली, आणि १८ मार्च १९६३ रोजीं नऊही न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, गंभीर गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर आहे अशा निर्धन मनुष्यास राज्यानें वकील दिलाच पाहिजे. निकालपत्र न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांचें होतें. एकवीस वर्षांपूर्वीं, १९४२ सालीं, याच न्यायालयानें याच्या उलट मत दिलें होतें आणि त्या वेळीं ब्लॅक यांनीं आपली असंमति नोंदविली होती. तें असंमतीचें मत आतां कायदा झालें.

या खटल्यावर पुस्तक झालें, चित्रपट झाला, आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास तो शिकविला जातो. परंतु त्याचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाहीं. आणि प्रस्तुत विषयाचें मर्म त्या उत्तरार्धांतच सांपडतें.

सर्वोच्च न्यायालयानें गिडियनला निर्दोष ठरविलें नव्हतें. खटला पुन्हां चालवावा, एवढेंच सांगितलें होतें. तो पुन्हां चालावयाचा तो त्याच गांवीं व त्याच न्यायाधीशांपुढें. तोंवर गिडियनचें नांव देशभर झालेलें. नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठीं झटणाऱ्या एका विख्यात संस्थेचे वकील बाहेरून मुद्दाम आले आणि त्याचें काम विनामूल्य चालविण्यास उभे राहिले. ज्या मनुष्यास दोन वर्षांपूर्वीं एकही वकील मिळत नव्हता त्याच्यापुढें आतां बुद्धिमान व अनुभवी कायदेपंडित हात जोडून उभे. आणि गिडियननें त्यांना नकार दिला! न्यायाधीशांनीं विचारलें कीं, मग तुला कोण हवा? त्यानें डब्ल्यू. फ्रेड टर्नर या स्थानिक वकिलाचें नांव घेतलें. न्यायाधीशांनीं टर्नर यांची नेमणूक केली.

गिडियनच्या या वागण्यास त्या वेळीं अनेकांनीं हट्ट म्हटलें, कृतघ्नपणा म्हटलें. आणि तो मनुष्य हट्टी होता यांत शंका नाहीं. पण ५ ऑगस्ट १९६३ रोजीं खटला सुरू झाल्यावर जें घडलें तें पाहण्यासारखें आहे. फिर्यादी पक्षाची सारी भिस्त एका साक्षीदारावर होती. पहांटे साडेपांचच्या सुमारास आपण त्या अड्ड्याबाहेर होतों आणि खिडकीतून गिडियनला आंत पाहिलें, असें तो सांगत होता. गांवची माणसें, गांवचे रस्ते आणि त्या अड्ड्याभोंवतीं रेंगाळणारी तरुण मंडळी टर्नर यांस चांगली परिचयाची होती. त्यांनीं उलटतपासणींत साधे प्रश्न विचारले: इतक्या पहांटे हा साक्षीदार तेथें काय करीत होता? तो कोणाबरोबर आला होता? त्यास पोलिसांना तत्काळ वर्दी कां देतां आली नाहीं? ज्या टॅक्सीवाल्यानें गिडियनला त्या पहांटे गाडींतून नेलें त्याच्या तोंडून टर्नर यांनीं वदवून घेतलें कीं, आरोपीच्या हातांत दारूची एकही बाटली नव्हती. आणि अखेरच्या भाषणांत त्यांनीं पंचांना सुचविलें कीं, चोरी करणाऱ्या टोळीचा पहारेकरी कदाचित् हा साक्षीदारच असेल. सुमारें तासाभराच्या विचारविनिमयानंतर पंचांनीं गिडियनला निर्दोष ठरविलें.

बाहेरच्या विद्वान वकिलांना हें साधलें नसतें असें कोणी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. परंतु त्या गांवच्या पंचांपुढें त्या गांवचाच माणूस उभा असावा, ही गोष्ट गिडियनला कळली होती आणि त्याच्या हितचिंतकांना कळली नव्हती. ज्याचें अंग भाजावयाचें असतें त्यास आगीची दिशा कित्येकदां आधीं समजते.

मात्र गिडियनला मिळालेली ही निवड न्यायाधीशांच्या मर्जीनें मिळाली, हक्कानें नव्हे. ज्या निकालपत्रानें त्यास वकील दिला त्यांत वकील कोणता असावा याविषयीं चकार शब्द नाहीं. पुढें तो प्रश्न निराळ्या खटल्यांतून उपस्थित झाला आणि त्याचें उत्तर दर वेळीं गरिबाच्या विरुद्ध गेलें. १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील एका आरोपीचें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. त्यास सरकारतर्फे मिळालेला वकील शस्त्रक्रियेसाठीं अकस्मात् रुग्णालयांत गेला आणि खटल्यास सहा दिवस उरले असतां दुसरा वकील नेमण्यांत आला. आपला पहिला वकील बरा होईपर्यंत थांबावें, अशी त्याची मागणी होती. न्यायालयानें ती फेटाळली आणि सांगितलें कीं, वकिलाशीं अर्थपूर्ण नातें जुळावें असा हक्क राज्यघटनेनें कोणास दिलेला नाहीं.

याच्या शेजारीं २००६ सालचा निकाल ठेवून पाहावा. त्या खटल्यांतील आरोपीनें स्वतःच्या पैशानें परराज्यांतील वकील केला होता आणि खालच्या न्यायाधीशानें त्या वकिलास चुकीच्या कारणानें उभें राहूं दिलें नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, दुसऱ्या वकिलानें काम बरें केलें कीं वाईट याची चौकशी करण्याचें प्रयोजनच नाहीं; पसंतीचा वकील नाकारला गेला एवढ्यानेंच खटला मुळांतून नासला, सबब शिक्षा रद्द. इतका हा हक्क मोलाचा! आणि त्याच निकालपत्रांत एक वाक्य असेंही आहे कीं, ज्यांना सरकारनें वकील द्यावयाचा असतो त्यांना हा हक्क लागू नाहीं. एकाच पिंजऱ्यांत आज जो उभा आहे त्याच्या खिशांत पैसे असले तर वकिलाची निवड ही न्यायाची पायाशिला ठरते, आणि उद्यां उभा राहणाऱ्याचा खिसा रिकामा असला तर तीच निवड चैनीची वस्तु ठरते. यांत एक विनोदही दडलेला आहे. १९७५ सालीं याच न्यायालयानें असें ठरविलें होतें कीं, शहाणपणानें वा वेडेपणानें, आरोपीनें वकील नाकारून स्वतःच आपला बचाव करावयाचें म्हटलें तर त्यास तसें करूं द्यावें. तेव्हां अमेरिकेंतील गरिबास सबंध वकीलवर्गांतून एकाच मनुष्याची निवड हक्कानें करतां येते, आणि तो मनुष्य म्हणजे तो स्वतः!

इंग्लंडांत मात्र एके काळीं अशी एक रीत होती कीं, जींत अगदीं कंगाल नसलेल्या गरिबाला, निदान नांवापुरती, पूर्ण निवड मिळत असे. वीज आणि टेलिफोन आल्यानंतरही कित्येक वर्षें ती चालूं होती. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या मनुष्यापाशीं एक गिनी आणि वर वकिलाच्या कारकुनाचे अडीच शिलिंग एवढी रक्कम असली, तर न्यायालयांत झगा व टोप घालून बसलेल्या बॅरिस्टरांपैकीं वाटेल त्याच्याकडे त्यानें बोट दाखवावें. आणि ज्याच्याकडे बोट वळेल त्यानें तें काम घेतलेंच पाहिजे. मध्ये सॉलिसिटर नाहीं, चिठ्ठीचपाटी नाहीं. पुढें ही रक्कम वाढविण्यांत आली, पण पद्धति तीच राहिली.

तो देखावा डोळ्यांपुढें आणावा. पिंजऱ्यांतील माणूस बाकांवर बसलेल्या बॅरिस्टरांकडे पाहतो आहे. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव त्यास ठाऊक नाहीं. पुष्कळांची तर त्यास पाठच दिसते: खांद्यावरचा झगा आणि टोपाची शेपटी. जे कामांत गढलेले ते मान खालीं घालतात; चतुर असतात ते अशा प्रसंगाची चाहूल लागतांच कागद गोळा करून दाराकडे सटकतात; आणि ज्यांना काम नसतें असे नवखे तरुण ताठ बसतात, कीं कदाचित् आपणांवर नजर पडावी. आरोपी कोणाचा चेहरा प्रेमळ वाटतो, कोणाचे केस पिकलेले आहेत, याच्यावरून निवड करतो. जॉन मॉर्टिमर या बॅरिस्टर लेखकानें या रीतीवर ‘द डॉक ब्रीफ’ नांवाची एक नाटिका लिहिली आणि ती १९५७ सालीं ब्रिटिश नभोवाणीवरूनच प्रथम सादर झाली. तींतील आरोपी नेमका असा एक वृद्ध वकील निवडतो कीं ज्यास आयुष्यांत कधीं काम मिळालेलें नाहीं. श्रोते पोट धरून हंसले असतील. पण त्या हंसण्यांत या पद्धतीचें वैगुण्यही उघडें पडलें. माहितीवांचून केलेली निवड ही सोडतीहून फारशी निराळी नसते.

तरीसुद्धां त्या रीतींत एक गोष्ट होती. बोट आरोपीचें होतें. न्यायाधीशानें वकील नेमला नव्हता, फिर्याद चालविणाऱ्या सरकारनेंही नेमला नव्हता. १९०३ सालीं इंग्लंडांत गरीब कैद्यांच्या बचावाचा पहिला कायदा झाला, १९३० सालीं तो सुधारण्यांत आला आणि १९४९ सालीं कायदेविषयक साहाय्याचा मोठा कायदा आला. या सुधारणांबरोबर गिनीची रीत मागें पडली, परंतु निवडीचें तत्त्व टिकलें. सरकारशीं करार केलेल्या सॉलिसिटरांपैकीं कोणाकडे जावयाचें हें आरोपीनें ठरवावें, बिल सरकारनें द्यावें, अशी ती व्यवस्था.

२०१३ सालच्या एप्रिलांत तेथील सरकारनें खर्चाच्या काटकसरीसाठीं ही निवड काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. ठिकठिकाणचीं कामें कमी दराच्या निविदेवर वकिलांच्या कंपन्यांना द्यावींत आणि आरोपी त्यांच्यांत वाटून द्यावेत, अशी योजना होती. त्या वेळचे न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनीं मुलाखतींत अशा आशयाचे उद्गार काढले कीं, फौजदारी न्यायालयांत येणारे बहुतेक लोक कांहीं वकिलांच्या गुणांचे मोठे पारखी नसतात. या उद्गारानें फार क्षोभ झाला. वकीलवर्गाचा राग समजण्यासारखा होता, कारण त्यांच्या पोटावर पाय येत होता. परंतु त्यांचा युक्तिवाद केवळ पोटाचा नव्हता. ज्या दुकानांत गिऱ्हाईक आपल्या पायानें येतें त्या दुकानदारास माप नीट ठेवावें लागतें. जेथें गिऱ्हाइकें वाटून दिलेलीं असतात तेथें तागडी कोण तपासणार? त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सरकारनें निवड रद्द करण्याचा भाग मागें घेतला.

पारखीपणाविषयींचा मंत्रिमहाशयांचा मुद्दा मात्र इतका पोकळ नाहीं कीं तो हंसून सोडून द्यावा. पहिल्यांदाच अटक झालेल्या मनुष्यास वकिलांतला खरा-खोटा कळत नाहीं, हें सत्य आहे. ज्यास कळतो तो बहुधा सराईत गुन्हेगार. पण श्रीमंत आरोपीसही तो कळतोच असें कोठें आहे? तोही मेहुण्याच्या शब्दावर, शेजाऱ्याच्या शिफारशीवर किंवा पाटीवरील पदव्या मोजून वकील गांठतो, आणि कित्येकदां फसतो. त्याच्या फसण्याच्या स्वातंत्र्यावर कोणी मर्यादा घातलेली नाहीं.

भारतांत हा प्रश्न राज्यघटनेच्या जन्माबरोबरच आला आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनासमितींत एक नवें कलम मांडलें. तेंच पुढें राज्यघटनेचें बाविसावें कलम झालें. अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करवून घेण्याचा हक्क नाकारला जाणार नाहीं, असें त्या कलमांत आहे. ‘पसंतीच्या’ हा शब्द बाबासाहेबांच्या कलमांत स्पष्ट लिहिलेला आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें. परंतु वकिलाचा पैसा कोणी द्यावयाचा याविषयीं कलम मुग्ध होतें. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं गरिबांना कायदेविषयक साहाय्य कसें द्यावें याचा विचार करण्यासाठीं समिति नेमली होती. म्हणजे गरज कोणास दिसत नव्हती असें नाहीं. तथापि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तारा सिंग खटल्यांत असें मत दिलें कीं, वकील मिळणें ही आरोपीची सवलत आहे; त्यानें ती मागितली पाहिजे, आपण होऊन वकील पुरविणें हें मॅजिस्ट्रेटचें कर्तव्य नव्हे. ज्यास कायदा वाचतां येत नाहीं त्यानें कायद्यानें दिलेली सवलत मागावी, असा हा न्याय होता.

पंचवीस-तीस वर्षांत वारें पालटलें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०४ व्या कलमानें सेशन्स कोर्टांतील निर्धन आरोपीस सरकारी खर्चानें वकील देणें बंधनकारक झालें. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद नव्या संहितेच्या ३४१ व्या कलमांत आहे. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीनें विनामूल्य कायदेविषयक साहाय्याचें तत्त्व ३९-अ कलमांत घातलें गेलें. १९८१ सालीं खत्री खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आरोपीस प्रथम मॅजिस्ट्रेटपुढें उभें करतात तेव्हांपासूनच हा हक्क सुरू होतो आणि तिजोरींत पैसा नाहीं ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं. १९८६ सालीं सुक दास खटल्यांत त्याही पुढें जाऊन ठरलें कीं, आरोपीनें मागितलें नाहीं हें उत्तर चालणार नाहीं. हा हक्क आहे हें न्यायाधीशानेंच त्यास समजावून दिलें पाहिजे. तारा सिंग खटल्यांतील विचारसरणीस येथें पूर्णविराम मिळाला.

वकील मिळण्याचा हक्क अशा रीतीनें पक्का झाला. पण कोणता वकील? या प्रश्नाकडे पाहिलें तर एक निकाल सर्वांहून निराळा उठून दिसतो. १९७८ सालचा हा हॉसकोट खटला महाराष्ट्र राज्याविरुद्धच होता. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्यांत लिहिलें कीं, दारिद्र्यामुळें वा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटल्यामुळें ज्यास वकील करतां येत नाहीं, अशा कैद्यास न्यायालयानें लायक वकील नेमून द्यावा, आणि ज्या सरकारनें खटला भरून त्याचें स्वातंत्र्य हिरावलें त्यानेंच त्या वकिलाचें मानधन द्यावें. परंतु एक अट: त्या वकिलास आरोपीची हरकत नसावी. केवढी साधी अट! संपूर्ण निवड त्यांत नाहीं. पण नको म्हणण्याचा अधिकार आहे. लग्नाच्या बाबतींत जुन्या काळच्या मुलीस वर निवडतां येत नसे, तरी शहाणे वडील तिला एकदां विचारीत. त्या विचारण्यासारखीच ही गोष्ट.

हेंच न्यायमूर्ति १९७४ सालीं गुजरातेंतील रणछोड माथुर वसावा या आरोपीचें तुरुंगांतून आलेलें अपील चालवीत असतां सेशन्स न्यायाधीशांना बजावून गेले होते कीं, गंभीर खटल्यांत अगदीं नवशिक्या वकिलांच्या हातीं गरिबाचा बचाव देऊं नये, आणि जो नेमाल त्यास सर्व कागदपत्रें व तयारीसाठीं पुरेसा वेळ द्यावा. हें सांगावें लागलें यावरूनच परिस्थिति कळते. आणि पंचेचाळीस वर्षांनीं तेंच पुन्हां सांगावें लागलें. मध्य प्रदेशांतील खंडवा येथे २०१३ सालीं देहान्त शिक्षेचा एक खटला चालला. ज्या दिवशीं आरोपीस सरकारी खर्चाचा वकील नेमून मिळाला त्याच दिवशीं त्याच्यावर आरोप ठेवण्यांत आले, आणि अवघ्या पंधरवड्यांत साक्षीपुरावा, भाषणें व फांशीची शिक्षा सर्व उरकलें. १९ डिसेंबराच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १८ डिसेंबर २०१९ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द करून फेरतपासणीची आज्ञा केली आणि नियम घालून दिला कीं, जेथें जन्मठेप वा फांशी होऊं शकते तेथें निदान दहा वर्षें सनद चालविलेलाच वकील नेमावा आणि त्यास तयारीसाठीं किमान सात दिवस द्यावेत. त्या आरोपीस जर पहिल्या दिवशीं कोणी विचारलें असतें कीं, हा वकील तुला चालेल काय, तर त्यास निदान हें म्हणतां आलें असतें कीं, यानें माझें तोंडसुद्धां पाहिलेलें नाहीं.

१९८७ सालचा विधिसेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्यान्वयें कोठडींतील प्रत्येक मनुष्य, त्याची मिळकत कांहींही असो, विनामूल्य वकिलास पात्र आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत वकिलांच्या याद्या ठेवलेल्या असतात. २०१० च्या नियमांत तर अर्जदारानें यादींतील एखाद्या वकिलाची पसंती दर्शविली तर तिचा विचार करून ती मान्य करतां येते, अशीही तरतूद आहे. नियम चांगला आहे. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड बसलेल्या कच्च्या कैद्यास यादींत कोण आहेत हें कळावें कसें? इंग्लंडांतील त्या पिंजऱ्यांतल्या माणसास निदान टोपांच्या शेपट्या दिसत होत्या. २०२२ पासून तर पूर्णवेळ पगारी बचाव-वकिलांची नवी योजना जिल्ह्यांतून सुरू झाली आहे. प्रमुख, उपप्रमुख व साहाय्यक अशी तिची उतरंड असून या वकिलांना खाजगी कामें घेतां येत नाहींत. सरकारी वकिलाच्या तोडीस तोड अशी एक कचेरी गरिबाच्या बाजूनें उभी राहावी हा हेतु स्तुत्य होय, आणि तुटपुंज्या मानधनावर दहा ठिकाणीं धांवणाऱ्या वकिलाहून पगारी वकील आरोपीस अधिक वेळ देऊं शकेल हेंही खरें. पण कचेरी जेथें एकच, तेथें निवड कशांतून करावयाची?

या मागणीविरुद्ध नेहमीं जे आक्षेप घेतले जातात त्यांत व्यवहार पुष्कळ आहे. सर्वच आरोपी त्या जिल्ह्यांतल्या एकाच गाजलेल्या वकिलाचें नांव सांगतील. त्यास सरकारी दर परवडणार नाहीं. आरोपी खटला लांबविण्यासाठीं वकील बदलीत बसतील. तुरुंगाच्या दाराशीं दलाल उभे राहतील आणि अशिक्षित कैद्याकडून वाटेल त्याच्या नांवावर आंगठा उठवून घेतील. यांतील दलालांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण कोर्टाच्या आवारांत ज्यानें एक दिवस काढला त्यास हे दलाल ओळखावे लागत नाहींत.

दुसरा आक्षेप रुग्णालयाच्या दाखल्यानें मांडतात. सरकारी दवाखान्यांत रोगी डॉक्टर निवडीत नाहीं, जो पाळीवर असेल तो त्यास तपासतो, आणि तरी रोगी बरे होतात. मग वकिलाचेंच काय मोठें? दाखला वरून गोंडस दिसतो. परंतु दवाखान्यांत रोगाची बाजू घेऊन कोणी उभा नसतो. न्यायालयांत फिर्यादी सरकार, पोलीस सरकारचे, आणि बचावाच्या वकिलास पैसे देणारेंही सरकारच. त्यांतून कित्येक ठिकाणीं वकिलाची नेमणूक करणारा न्यायाधीश तोच, कीं ज्याच्यापुढें खटला चालावयाचा आणि ज्यास तो लवकर संपावा असें वाटतें. अशा वकिलानें जोराची उलटतपासणी केली, चार तारखा अधिक मागितल्या, तर पुढचें काम त्यास मिळेल काय? तो प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण पिंजऱ्यांतील मनुष्याच्या मनांत हा प्रश्न आला म्हणजे तो आपल्या वकिलापासून गोष्टी लपवूं लागतो. रोगी डॉक्टरपासून दुखणें लपवीत नाहीं. ज्यास सर्व सांगावयाचें त्याच्यापाशींच तोंड उघडत नाहीं, यासारखी बचावाची हानि दुसरी नाहीं. आणि आरोपी भिल्ल वा कोरकू असून वकिलास त्याची बोली मुळींच येत नसेल, तर तोंड उघडूनही उपयोग काय?

निवडीची मर्यादा कोठें आहे हेंही मुंबईनेंच पाहिलें आहे. २००८ च्या नोव्हेंबरांतील हल्ल्यांत जिवंत पकडला गेलेला आरोपी प्रथम भारतीय वकील नको, पाकिस्तानी वकील द्या, म्हणत होता. भारताच्या न्यायालयांत ज्यास सनद नाहीं तो वकील उभा राहूं शकत नाहीं, म्हणून ती मागणी मान्य होणें शक्यच नव्हतें. २००९ सालीं त्यास पहिला वकील नेमण्यांत आला तेव्हां त्या वकिलाच्या घरापुढें निदर्शनें झालीं; पुढें दुसऱ्याच कारणानें तो वकील बदलावा लागला, आणि त्यामागून नेमलेलाही बदलला. तरीही खटला वकिलासह चालला. सर्वोच्च न्यायालयांत न्यायालयानेंच नेमलेल्या ज्येष्ठ वकिलांनीं त्याची बाजू मांडली आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजीं निकाल लागला. ज्याचा सारा देश द्वेष करतो अशा मनुष्याच्या बाबतींत निवड दूरच, वकील मिळणेंच दुर्घट होतें. कारण अशा प्रसंगीं ठिकठिकाणचे वकीलसंघ अमक्याचें वकीलपत्र कोणी घेऊं नये असे ठराव करतात. २०१० सालीं तामिळनाडूंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असे सर्व ठराव बेकायदेशीर व वकिली धर्माविरुद्ध ठरविले.

आक्षेपांचीं उत्तरें तर्कानें देत बसण्यापेक्षां कोणी प्रत्यक्ष करून पाहिलें आहे काय, हें पाहणें बरें. स्टीफन शुलहोफर व डेव्हिड फ्रीडमन या दोन अमेरिकन अध्यापकांनीं १९९३ पासून असा विचार मांडला होता कीं, पैसा सरकारनें द्यावा, पण तो आरोपीच्या निवडीमागें जावा. वीस वर्षें तो विचार कागदावरच राहिला. २०१५ सालीं टेक्सस राज्यांतील कोमल परगण्यानें तो प्रत्यक्षांत आणला. तेथें निर्धन ठरलेल्या आरोपीस पात्र वकिलांची यादी व प्रत्येकाची थोडक्यांत माहिती देतात. त्यानें एक नांव निवडावें. न निवडल्यास पूर्वींप्रमाणें न्यायालय पाळीनें वकील नेमतें. वकिलांचा दर ठरलेला. आणि ज्याच्या हातीं कामें फार झालीं त्याचें नांव यादींतून कांहीं काळ बाजूस ठेवतां येतें, म्हणजे एकाच नामांकिताकडे गर्दी होण्याचें भय उरत नाहीं. ज्यांस निवडीची संधि मिळाली त्यांतील बहुसंख्यांनीं ती घेतली. ज्यांना आपणांस यांतलें कळत नाहीं असें वाटलें त्यांनीं न्यायालयावर सोंपविलें. परगण्याचा कारभार कोलमडला नाहीं, आणि आरोपी मंडळीही यादींतला एकच वकील धरून बसली नाहीं. कोणी तुरुंगांतल्या सोबत्यास विचारून नांव सांगितलें, कोणी घरच्यांस विचारून, तर कोणी यादींत लिहिलेली माहिती वाचून.